शारजात घेतलेलं नाव

विमान खाली उतरू लागलं तसा खिडकीतून आधी नुसताच मातकट रंग दिसला. मग त्या रंगातून रस्ते निघाले, रस्त्यांच्या कडेला त्याच रंगाच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि शेवटी एकदम निळा समुद्र. शेजारच्या सीटवरचा सांगलीचा मुलगा म्हणाला, "काकू, आलं शारजा. पट्टा लगेच सोडू नका, ओरडतात." मी तो कधीच सोडलेला होता.

मी कराडची. शिवणक्लास चालवते. निम्म्या कराडच्या बायकांची मापं मला तोंडपाठ आहेत, आणि ती मी कुणाला सांगत नाही म्हणूनच माझा क्लास टिकला. परदेशाचा हा माझा पहिला प्रवास. खरं तर दोघांचे पासपोर्ट एकदमच काढले होते. पण गेल्या वर्षी आमचे हे गेले आणि त्यांचा पासपोर्ट कोराच राहिला. वर्षश्राद्ध आटोपलं तसा मुलगा अमेय हट्टाला पेटला, "आई, आता कारणं पुरे." मग बॅगेत कांदा-लसूण चटणी, भडंग, कुरड्या कोंबल्या आणि निघाले.

अमेय न्यायला आला होता. तो हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात नोकरी करतो. सूनबाई केतकी दुबईत ऊद मेथाच्या एका शाळेत शिकवते. घर मात्र शारजात, कारण इथे भाडं कमी. त्याची किंमत केतकी रोज रस्त्यावर मोजते. विमानतळावरून घरी जातानाच मला त्याची चुणूक मिळाली. सहा पदरी रस्ता, चकचकीत गाड्या, आणि सगळ्या जागच्या जागी उभ्या. मी म्हटलं, "एवढा खर्च करून रस्ता बांधला, आणि वापरतात गाड्या ठेवायला?" अमेय हसला. बऱ्याच दिवसांनी त्याला हसताना पाहिलं.

घर चौदाव्या मजल्यावर. दारात नऊ वर्षांची नात, रेवा. तिचा जन्म इथलाच. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. वाचकांच्या सोयीसाठी तिचं बोलणं मी बहुतेक मराठीतच लिहिते आहे. तिने मला मिठी मारली, पाया पडली (हे केतकीने डोळ्यांनी खुणावल्यावर) आणि हाताला धरून थेट आपल्या खोलीत नेलं.

टेबलावर बुटांचं खोकं होतं. आत मातीच्या बोटभर बाहुल्या ओळीने निजवलेल्या. कागदाची होडी, मूठभर तांदूळ, आगपेटीची खुर्ची, आणि एक वर्तमानपत्रातून कापलेला चष्मा.

"हे शब्ती," ती म्हणाली. शब्ती म्हणजे जुन्या इजिप्तमध्ये मेलेल्या माणसाबरोबर पुरायच्या बाहुल्या. परलोकात त्याला कुणी शेतावर कामाला बोलावलं, की त्याच्याऐवजी यांनी उठायचं आणि 'मी आहे' म्हणायचं.

"छान आहेत. शाळेसाठी केल्यास?"

"नो, आजी. आजोबांसाठी."

मी खोक्याकडे पाहत राहिले. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला परलोकातही कालव्यावर जावं लागू नये, ही काळजी नातीने घेतली होती. हसू आलं, आणि तो कागदी चष्मा उचलून मी पुन्हा जागेवर ठेवला.

शाळेत त्यांचा जुन्या इजिप्तवर प्रोजेक्ट चालू होता, आणि त्यासाठी शनिवारी अबूधाबीचं संग्रहालय पाहायला जायचं ठरलं होतं. रेवाला सगळं पाठ झालेलं. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस मेलेल्या माणसाला हाताला धरून न्यायालयात नेतो. तिथे तराजूच्या एका पारड्यात त्याचं हृदय, दुसऱ्यात एक पीस. हृदय पिसाहून जड भरलं, तर शेजारी बसलेली मगरीच्या तोंडाची, सिंहाच्या छातीची, पाणघोड्याच्या मागल्या अंगाची बया ते खाऊन टाकते. आमच्या चित्रगुप्ताकडे वह्या आहेत, यांच्याकडे वजनकाटा. मला काटा बरा वाटला. वहीत खाडाखोड करता येते.

घोटाळा झाला तो दुसऱ्या दिवशी नाश्त्याला. मी पोहे वाढत होते. रेवाने सहज विचारावं तसं विचारलं, "आजी, आजोबांची बॉडी कुठे ठेवली आहे?"

"ठेवली कशाला असेल बाळा? संगमावर दहन केलं. जाळतात आपल्यात."

केतकीच्या हातातला चहाचा कप खाली आला तो बशीत नाही, टेबलावर. अमेयने मान खाली घातली. मला कळलं, की हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. अमेय एकटाच धावत आला होता तेव्हा. या दोघी परीक्षेमुळे इथेच राहिल्या. 'आजोबा देवाघरी गेले' एवढ्यावर विषय मिटवला होता, आणि देवाघर म्हणजे काय ते तिने आपलं आपण शाळेतून शोधून काढलं होतं.

रेवा रडली नाही. तिने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "सगळं? हार्ट पण?"

"सगळं."

"मग त्यांचं वजन कसं करणार?"

तिने मग बोटांवर मोजायला सुरुवात केली. माणूस म्हणजे काही एक वस्तू नाही, तो तुकड्यांचा असतो, असं ते लोक मानत. शरीर, हृदय आणि सावली. एक बा, म्हणजे माणसाच्या तोंडाचा पक्षी, जो दिवसभर हिंडतो आणि रात्री शरीराकडे परत येतो. एक का, म्हणजे त्याचा जुळा, जो ठेवलेला नैवेद्य खातो. आणि एक रेन, म्हणजे नाव. "शरीर नाही, म्हणजे बा परत कुठे येणार, जुळा कुठे राहणार? हृदय नाही. सावली नाही. आता फक्त नाव राहिलं," ती म्हणाली. "आणि ते कुणी घेतच नाही."

"घेतो की आपण," अमेय म्हणाला.

"यू डोन्ट! तू बाबा म्हणतोस. मम्मा पण बाबा म्हणते. मी आजोबा म्हणते. आजी म्हणते 'हे'. कोणीच नाव घेत नाही. नाव कुणी घेतलं नाही, की माणूस दुसऱ्यांदा मरतो. आणि ते कायमचं असतं."

ती उठून खोलीत गेली. केतकी मला हळू आवाजात म्हणाली, "आई, दोन आठवडे ती आमच्याजवळ झोपते आहे. प्रोजेक्ट संपला की खलास, विसरेल असं वाटलं होतं. प्लीज, तुम्ही तिला काहीतरी सांगा. तुमचं ऐकेल."

मी सांगायला गेले. आपल्यात शरीराला महत्त्व नसतं, जुनं लुगडं टाकून नवं नेसावं तसा आत्मा दुसरं शरीर घेतो, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आजोबा आता बेबी आहेत?"

"असतील कुठेतरी."

"मग तू त्यांना गेल्या महिन्यात जेवण का ठेवलंस? माझा बाबा व्हिडिओवर बघत होता. बेबीला पुरणपोळी?"

बासष्ट वर्षांच्या आयुष्यात ही शंका मला आली नव्हती. माणूस पुन्हा जन्माला आला म्हणायचं, आणि वर्षाच्या वर्षाला त्याचं पानही वाढायचं, हे दोन्ही मी बिनबोभाट करत आले होते.

"तू घे ना नाव," ती म्हणाली. "मी रोज घेते झोपताना. पण त्यांनी माझा आवाज जास्त करून फोनवरच ऐकलाय. तुझा ते ओळखतील."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि काही निघालं नाही. आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नात, हळदीकुंकवाला उखाण्यात घ्यायचं, तेही लाजत. एरवी 'अहो', 'हे', आणि अमेय झाल्यावर 'अमेयचे बाबा'. ते नाव माझ्या तोंडाला माहीतच नव्हतं. "शनिवारी बघू," म्हणून मी वेळ मारून नेली. रेवाने मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला माझीच लाज वाटली.

शनिवारी सकाळी अबूधाबीला निघालो. शारजा, दुबई मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना सपाट वाळू सुरू झाली. मध्ये मध्ये खजुराच्या झाडांच्या रांगा, प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी पाण्याची काळी नळी. आमच्या यांना हे केवढं आवडलं असतं! एकेका थेंबाचा हिशोब विचारत बसले असते, आणि आम्ही संग्रहालयात दुपारी पोचलो असतो. वाटेत पेट्रोल पंपावर करक (दाट, वेलचीचा चहा) घेतला. गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न वाजवला की माणूस चहा घेऊन येतो. आमच्याकडे असा हॉर्न वाजवला तर चहावाला येईल, पण वेगळ्या कारणासाठी. केतकीने चहाची किंमत आधी दिरहममध्ये सांगितली आणि लगेच स्वतःशीच रुपये करून सुस्कारा टाकला. एवढी वर्षं झाली तरी सवय जात नाही म्हणते.

संग्रहालय समुद्राच्या कडेला आहे. वर प्रचंड जाळीदार घुमट, आणि त्या जाळीतून उन्हाचे कवडसे खाली पांढऱ्या भिंतींवर, पाण्यावर सांडलेले. बाहेर उन्हाने डोळे दिपत होते, तेच ऊन इथे सोसवेल इतकं होऊन येत होतं. मी थोडा वेळ नुसतीच उभी राहिले. अमेय म्हणाला, "यल्ला, आई (चला), आत एसी आहे."

इजिप्तच्या दालनात उजेड मंद होता. एकात एक बसणाऱ्या रंगीत शवपेट्या, त्यांच्यावर रंगवलेले मोठे उघडे डोळे. एका काचेच्या पेटीत ममीला गुंडाळायच्या कापडाच्या पट्ट्या होत्या. माझे पाय तिथेच थांबले. बाकीचे सोन्याकडे गेले, मी कापडाकडे. त्या पट्ट्या कात्रीने कापलेल्या नव्हत्या, फाडलेल्या होत्या. फाडलं की दोरा सरळ निघतो, हे मी पोरींना पहिल्याच आठवड्यात शिकवते. आणि एका पट्टीला रफू होतं! बारीक, सुरेख रफू. म्हणजे हे नवं कोरं कापड नव्हतंच. घरातली वापरलेली चादर, कुणीतरी कधीतरी फाटली म्हणून नीट केलेली, आणि मग माणूस गेल्यावर तीच फाडून त्याच्याभोवती गुंडाळलेली. गोधडी आपण अशीच करतो, घरातल्यांच्या जुन्या कपड्यांची. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या बाईचा टाका मला ओळखीचा वाटला. मी नीट पाहायला वाकले आणि नाक काचेला टेकलं. लगेच सुरक्षारक्षक आला. "मॅडम, थोडा पीछे, प्लीज." मी मागे सरले, काचेवर माझ्या नाकाचा ठसा तसाच राहिला.

पुढच्या फलकावर लिहिलं होतं, की ममी करताना ते लोक मेंदू निरुपयोगी म्हणून काढून टाकत आणि हृदय मात्र जपून आत ठेवत. अमेयने मला ते वाचून दाखवलं. मी म्हटलं, "आपल्या काही नातेवाइकांचं त्यात फार नुकसान झालं नसतं." मी आल्यापासून केतकी पहिल्यांदाच मोकळी हसली.

रेवा एका दगडासमोर उभी होती. उभी पाटी, तिच्यावर कोरलेला एक माणूस. तो टेबलाशी बसलेला, टेबलावर पाव रचलेले, बदक, भाज्या. खाली चित्रलिपीच्या ओळी. शेजारच्या बाकावर माझ्याच वयाची एक बाई बसली होती, डोक्याला करडा रुमाल, मांडीवर जाड पर्स. रेवाने शाळेत शिकलेल्या अरबीत तिला काहीतरी विचारलं. ती खूश झाली. तिचं नाव नादिया. इजिप्तची, मिन्याची, शारजात लेकीकडे आलेली. तिचं इंग्रजी अरबीच्या चालीवर, माझं मराठीच्या. मध्ये रेवा. पण दोन म्हाताऱ्यांना बोलायचं असलं की भाषेचं फारसं अडत नाही.

तिने आम्हाला सांगितलं, की अशा दगडांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना विनवणी असते: बाबांनो, तुम्ही जिवंत आहात, इथून जाता आहात, तर थांबा आणि माझं नाव घ्या. माझ्यासाठी भाकरी म्हणा, पाणी म्हणा. खरी भाकरी आणली नाहीत तरी चालेल, तोंडाने म्हटलंत तरी मला पोचते.

"तुम्ही मानता हे?" मी विचारलं.

"ला, हबीबती (नाही, गं). आम्ही मुसलमान. हे लोक फार जुने. आम्ही कापडात गुंडाळतो आणि त्याच दिवशी मातीत ठेवतो. माती खाते, अल्लाला सगळं ठाऊक." मग ती थोडी हसली. "पण माझी आई कबरीवर जाताना पाव आणि खजूर न्यायची. तिथे असेल त्याला वाटायची. कोणासाठी, विचारलं तर म्हणायची, गेलेल्यासाठी."

"म्हणजे दोन्ही."

"सगळे दोन्ही करतात."

मला एकदम बरं वाटलं. मग मी तिला आमच्या घरचं संकट सांगितलं. नवऱ्याचं नाव आमच्यात बायको घेत नाही, आणि नात म्हणते, घेतलं नाही तर तो कायमचा जाईल. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"आमच्याकडे उलट," ती म्हणाली. "पुरुष बायकोचं नाव चारचौघांत घेत नाही. माझे वडील आईला 'उम्म अहमद' म्हणत, अहमदची आई. अहमद माझा भाऊ. ती गेल्यावर वडिलांनी तिला एकदाच नावाने हाक मारली, फैझा म्हणून. मी दाराबाहेर होते. मला वाटलं, घरात कोणी परकी बाई आली आहे."

रेवाने हे भाषांतर करून सांगितलं, आणि मग दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. अमेय आणि केतकीही येऊन उभे राहिले. आता सुटका नव्हती. मी पदर सावरला, घसा खाकरला आणि त्या दगडातल्या माणसासमोर उभी राहून म्हटलं:

"अबूधाबीच्या घुमटातून ऊन येतं गाळून,
मधुकररावांचं नाव घेते नातीची आज्ञा पाळून."

केतकीने टाळ्या वाजवल्या. नादियाला काही कळलं नाही, पण तिनेही वाजवल्या. सुरक्षारक्षक पुन्हा आला आणि पुन्हा "प्लीज" म्हणाला. मी विजयी मुद्रेने रेवाकडे पाहिलं.

ती गंभीरच होती. "आजी, दॅट वॉज अ पोएम. तू लोकांना म्हणून दाखवलंस. तू त्यांना हाक नाही मारलीस."

पोरीने टाका बरोबर तिथेच उसवला. उखाणा असतो ऐकणाऱ्यांसाठी. ज्याचं नाव घ्यायचं, तो त्या वेळी बाहेरच्या खोलीत पुरुषांत बसून चहा पीत असतो.

परतताना शारजात एका इजिप्शियन खानावळीत कोशरी खाल्ली. भात, मसूर, मकरोनी आणि छोले एकावर एक, त्यावर टोमॅटोचा आंबटतिखट रस आणि तळलेला कांदा. अमेय म्हणाला, हा शब्दच आपल्या खिचडीवरून गेला असं काही जण म्हणतात. गेला असेल. चव चांगली होती, पण मी बॅगेतून चटणीची पुडी काढली ती काढलीच. रेवाने आपल्या ताटातला एक घास बाजूला ठेवला. केतकीने तो तसाच राहू दिला.

त्यानंतरचे दिवस शांत गेले. बाजार पाहिले, सूक (जुना बाजार) पाहिला, दुबईतली ती जगातली सर्वांत उंच इमारत पाहिली आणि मान धरली. रेवाने पुन्हा विषय काढला नाही. पण सकाळी मी तिची वेणी घालायला बसले की आरशातून माझ्याकडे पाहायची, आणि मी रिबिनीकडे पाहायची. अमेयही तसाच. बापाचा विषय निघाला की उठून गाडी धुवायला जाणारा. एकदा मी विचारलं, "तुला तरी आठवण येते का रे?" तर म्हणाला, "आई, सकाळी ट्रॅफिकमध्ये एकटा असतो तेव्हा येते." आणि गेला गाडी धुवायला. तेव्हा वाटलं, नातीचं खरं आहे. आम्ही सगळे मिळून या माणसाला हळूहळू पुसतो आहोत, आणि त्याला समजूतदारपणा म्हणतो आहोत.

निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, अल खानच्या किनाऱ्यावर गेलो. सुट्टी असल्यामुळे गर्दी होती. कुटुंबं सतरंज्या पसरून बसलेली, मुलं पाण्यात, आणि ठिकठिकाणी कामगार पुरुषांचे घोळके, धुतलेले शर्ट, ओले केस, हातात शेंगदाणे. सूर्य समुद्रावर खाली उतरत होता. रेवा माझ्याजवळ येऊन बसली.

"मेलेली माणसं तिकडे जातात," तिने सूर्याकडे बोट केलं. "वेस्टला. ते लोक मेलेल्यांना वेस्टर्नर्स म्हणायचे. आजी, कराडच्या वेस्टला काय आहे?"

"पाटण. मग चिपळूण."

"मग?"

"मग समुद्र."

"मग?"

मी विचार केला. "मग तुम्ही."

"सो ही केम धिस वे," ती म्हणाली. आजोबा इकडूनच गेले, आमच्या घरावरून. तिच्या आवाजात आनंद नव्हता, नुसती खात्री होती. "ते अजून फार लांब गेले नसतील. उद्या तू जाशील. मग इथून कोण हाक मारणार?"

मी उठले. गुडघे कुरकुरले. पाण्यापर्यंत गेले, साडीचा काठ भिजला. मागे अमेय गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता. मी श्वास घेतला आणि सारी लाज सोडून ओरडले, "अहो!"

मागून एकदम तीन आवाज आले. "ओ!"

मी वळून पाहिलं. शेंगदाणेवाल्या घोळक्यातले तिघे उठून माझ्याकडे पाहत होते. त्यातला एक चटकन पुढे आला. "काय मावशी? मला हाक मारलीत? काय पायजे?" राजापूरकडचा होता, नंतर कळलं. बाकीचे दोघे त्याच्या मागे, मदतीला तयार.

"नाही हो, तुम्हाला नाही."

"मग कुणाला?"

रेवा पोट धरून हसत होती. हसता हसता म्हणाली, "बघ! अहो इज एव्हरीबडी!"

अगदी खरं होतं. चाळीस वर्षं मी ज्याला हाक मारत होते, ती हाक त्याची नव्हतीच. ती सगळ्या नवऱ्यांची होती, सगळ्या वाटसरूंची, रिक्षावाल्यांची. मला हसू आलं आणि त्याच हसण्यातून रडू फुटलं, गर्दीत, परक्या मुलखात, त्या तीन भल्या माणसांसमोर. राजापूरकर घाबरला. मी हाताने त्याला थांबवलं, पाण्याकडे वळले आणि हाक मारली.

"मधुकर!"

कसा आवाज निघाला कोण जाणे. स्वयंपाकघरातून जेवायला बोलवावं तसा निघाला, थोडा वैतागलेला. मग पुन्हा. "मधुकर! अहो, मधुकर!"

सूर्याची खालची कड पाण्याला लागली होती. उत्तर अर्थातच आलं नाही. हाक मारल्यावर 'ओ' येण्याची एवढी सवय असते माणसाला, की मी खरोखर थांबून वाट पाहिली. ओ द्यायला माणूस होता तेव्हा हे नाव माझ्याजवळ नव्हतं. आता नाव आहे.

मागे वळले तर अमेय आमच्याकडे पाठ करून उभा होता, आणि त्याचे खांदे हलत होते. केतकीने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. रेवा त्याच्याकडे धावली आणि त्याचा हात ओढत म्हणाली, "बाबा, आता तू. यू से इट टू." अमेयने डोळे पुसले, राजापूरकराकडे ओशाळून पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "मधुकर जगदाळे. माझे वडील." राजापूरकराने शर्टाच्या बाहीला हात पुसून नमस्कार केला, कुणाला ते त्यालाच ठाऊक, आणि आम्हाला मूठभर शेंगदाणे दिले. त्या रात्री रेवा आपल्या खोलीत झोपली.

परतीचं विमान, मुंबई, मग कराडची गाडी. घर वर्षभर मी एकटीच उघडते आहे, त्यामुळे कुलूप उघडताना पूर्वी काही वाटत नसे. या वेळी जिन्यातच कळलं, की आत जाताना काहीतरी म्हणायचं आहे. लोक विचारतील, तिकडे काय पाहिलंत, तर मी उंच इमारत सांगणार, सोनं सांगणार. गेलेला माणूस कुठे जातो ते मला आजही कळलेलं नाही. जाळला काय, पुरला काय, चादरीत गुंडाळून ठेवला काय, मागे राहिलेल्यांच्या तोंडात तो किती उरतो एवढंच आपल्या हातात दिसतं, आणि तेवढंही आम्ही संकोचापायी सोडून दिलं होतं.

दार उघडलं. बंद घराचा वास आला. चपला काढल्या, बॅग आत ओढली आणि मोठ्याने म्हटलं, "मधुकर, आले मी."

शेजारच्या कमलताई दूध घेऊन वर येत होत्या. वीस वर्षांचा शेजार. यांना त्या भाऊजी म्हणायच्या, आणि आमच्या दारावर पाटी आहे ती आडनावाची. माझा आवाज ऐकून त्या उंबऱ्याशी थांबल्या आणि आत डोकावून हळूच विचारलं, "पाहुणे आलेत का हो? कोण मधुकर?"

"आमचे हे," मी म्हटलं.